तीन गाठींची दोरी

४ जुलै

मामा,

नमस्कार पहिल्या ओळीतच उरकून घेते, कारण पुढे भांडायचं आहे.

कॅमेरा पोचला. तू त्याला इतकी चिकटपट्टी गुंडाळली होतीस की शेवटी मी कापडाची मोठी कात्री काढली आणि नेमकं ते आईने पाहिलं. "कागदावर कात्री?" एवढंच म्हणाली. पार्सल कुणाकडून आलंय ते विचारलं नाही. पण पत्त्यावरचं अक्षर तिने ओळखलं असणार, कारण मग दिवसभर ती माझ्याशी फक्त भुवयांनी बोलली.

आता मुद्दा. आई तीस ऑगस्टला दादाकडे राहायला जातेय, कायमची. त्याचा देश इतका लांब की आपण झोपतो तेव्हा ते जेवतात. तिचं शिवणाचं दुकान माझ्या गळ्यात पडलंय, त्याची माझी तक्रार नाही. मला फक्त तिचा एक फोटो हवाय, दुकानाच्या भिंतीवर मोठा करून लावायला. कापायच्या टेबलाशी उभी, गळ्यात टेप, जशी तीस वर्षं उभी राहिली तशी. मोबाइलमध्ये तिचे शेकड्यांनी फोटो आहेत आणि प्रत्येकात ती "पुरे गं" म्हणत हात पुढे करतेय. भिंतीवर काय तिचा तळहात लावू? म्हणून तुला लिहिलं, आणि तू मोठ्या मनाने कॅमेरा पाठवलास. मन मोठं, पण सोबत एक चिठ्ठी घालायला काय झालं होतं?

मी रोल घातला. दुकानात, दारात, रस्त्यावर फोटो काढत सुटले. छत्तीस झाले, अडतीस झाले, एकेचाळीस झाले, रोल संपेना. मला वाटलं, जुन्या वस्तूंना बरकत असते. लॅबवाल्याने रोल धुऊन हातात ठेवला, कोराकरकरीत. म्हणाला, "बाई, हा कॅमेऱ्यात एक इंचसुद्धा सरकलेला नाही." शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही हसली.

शिवाय, खिडकीतून बघितलं की मधल्या चौकोनात सगळं दोनदा का दिसतं? लेन्सच्या कडीवर नखांच्या रंगाचे तीन लाल ठिपके कुणी लावलेत? आणि पट्ट्याला ही मळकट दोरी कसली बांधलीय? फोन करणार होते, पण तुझं ते कानातलं मशीन शिट्ट्या मारायला लागलं की बोलणं राहतं बाजूला. तेव्हा लिहून कळव, आणि लवकर.

तुझी,
टाचणी


१० जुलै

चि. टाचणीस आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तुझं नाव मी टाचणी ठेवलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस आणि दिसेल त्याला टोचत होतीस. काही बदल झालेला नाही.

रोलचं टोक उजवीकडच्या रिळात नीट अडकवायचं असतं. अडकलं की नाही हे कसं कळणार? फोटो काढून रोल पुढे सरकवायची किल्ली ओढलीस की डावीकडची गोल चावी आपोआप फिरली पाहिजे. फिरत नसेल तर तू फोटो काढत नाहीयेस, अंगठ्याचा व्यायाम करतेयस. ही गोष्ट माझ्या दुकानात झाडू मारणाऱ्या बाईलासुद्धा माहीत होती.

दुसरं, तू बघतेस ती खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकी वर आहे, लेन्स खाली. जवळून काढशील तर डोक्यावर भरपूर जागा सोड, नाहीतर सगळ्यांच्या माना तेवढ्या येतील.

तिसरं, तो दोनदा दिसणारा चौकोन. याला रेंजफाइंडर म्हणतात. कडी फिरवायची आणि दोन चित्रांचं एक झालं की अंतर बरोबर लागलं, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असतं.

ठिपके तुझ्या मामीच्या नखांच्या रंगाचे आहेत, राहू देत. दोरी मात्र जप. तिच्याविषयी सावकाश लिहीन, आज हात दुखतोय.

कॅमेरा ठणठणीत आहे. चाळीस वर्षं मी त्याने लोकांचे ओळखपत्राचे फोटो काढले आणि एकही माणूस "हा मी नव्हेच" म्हणत परत आला नाही. तेव्हा यंत्राला नावं ठेवण्याआधी स्वतःचे हात तपास.

ताई कशी आहे? मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

मामा


२३ जुलै

मामा,

हात तपासले. दोन्ही आहेत, दहा बोटं आहेत, आणि याच हातांनी मी काल रेशमी कापडावर बटणांची चौदा काजं केली. तेव्हा हात राहू दे बाजूला.

दुसरा रोल धुऊन आला. चावी फिरत होती, डोक्यावर जागा सोडली होती, चौकोनातली दोन चित्रं जिवाच्या आकांताने एक केली होती. आई उभी राहणार नाही हे माहीत असल्यामुळे कपडे मापायचा कापडी पुतळा टेबलाशी उभा केला, त्याच्या गळ्यात टेप घातला आणि त्याचे वीस फोटो काढले. वीसच्या वीस धूसर! पुतळा म्हणजे वाफ आलेल्या काचेमागचा माणूस. मात्र त्याच्या मागच्या भिंतीवर दोऱ्याच्या रिळांचा रॅक आहे ना, तो इतका स्वच्छ आलाय की एकेक रीळ मोजून घ्यावं. लॅबवाल्याने विचारलं, "बाईंना रिळांचा फोटो हवा होता का?" हा माणूस एक दिवस माझ्या हातून मार खाणार आहे.

आई मागून येऊन फोटोंकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "त्याच्या कॅमेऱ्यात माणसं अशीच येतात." मामा, माझ्या आठवणीत ती तुझ्याबद्दल आपणहून बोललेली ही पहिलीच वेळ, आणि तीही अशी. मग कपाट उघडून तिने आजोबांचा तो फोटो काढला, बघितला आणि पुन्हा साड्यांखाली ठेवला. तुला ठाऊकच आहे कुठला. आजोबा खुर्चीत, तू नि ती दोन बाजूंना, मी पुढे, दादा तेवढा शाळेत. ते जायच्या आदल्या महिन्यातला. कुणाचंच तोंड ओळखू येत नाही.

मी खरं बोलू? तू आयुष्यभर फोटोग्राफी केलीस आणि घरातला एक महत्त्वाचा फोटो बिघडवलास, यावरून आई अठ्ठावीस वर्षं तुझ्या घरची पायरी चढली नाही, हे मला नेहमी जास्त वाटायचं. आता हे वीस फोटो बघून वाटतंय की तिला थोडं तरी कारण होतं.

तुझी दोरी मात्र जपलीय हो. फार मळली होती, म्हणून सोड्याच्या पाण्यात दोनदा धुतली. तीन गाठी होत्या, दगडासारख्या घट्ट. मला गाठ पडलेला दोरा बघवत नाही, धंद्याची खोड. सुई घेऊन अख्खी दुपार बसले आणि तिन्ही सोडवल्या. वर इस्त्री केली. आता रिकाम्या रिळावर गुंडाळून ठेवलीय, नव्यासारखी दिसते.

अडतीस दिवस उरलेत.

टाचणी


२९ जुलै

टाचणे,

तुझं पत्र वाचून मी जागच्या जागी बसलो. मामीने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, गाठी गेल्या.

इस्त्री केलीस! कुणी सांगितली होती इस्त्री? मी जप म्हटलं होतं, लग्नाला तयार कर म्हटलं नव्हतं.

ऐक आता. त्या कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर खोटं बोलतो. कडीवरचे आकडेही खोटं बोलतात. तो एकदा पडला होता, तेव्हापासून. दोन चित्रांचं एक झालेलं दिसतं आणि प्रत्यक्षात नेम लागतो मागच्या भिंतीवर. दुरुस्त करणारा म्हणाला, सहा महिने कॅमेरा इथे ठेवून जावा लागेल. माझ्या दारात रोज ओळखपत्रवाल्यांची रांग, सहा महिने कुठून आणू? मग मी तीन रोल वाया घालवून अंतरं शोधली. कडीवर तीन ठिपके दिले आणि दोरीला तीन गाठी मारल्या. पहिल्या ठिपक्याला पहिली गाठ, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. गाठ लेन्सच्या तोंडाशी धरायची, दोरीचं टोक समोरच्याच्या गालाच्या हाडाला टेकवायचं, दोरी ताठ झाली की ती सोडायची आणि फोटो काढायचा. लोकांना गंमत वाटायची. मुलं तर दोरीसाठीच यायची.

म्हणजे तो कॅमेरा दोरीशिवाय आंधळा आहे, आणि तू त्याची काठी धुऊन, विंचरून रिळाला गुंडाळून ठेवली आहेस. अंतरं मी कुठे लिहून ठेवली नाहीत. कशाला लिहीन? गाठी होत्या ना!

हे आधीच सांगायला हवं होतं, हे मला कळतं. मामी सकाळपासून तेच सुनावतेय. पण चाळीस वर्षं फोटोग्राफर म्हणून मिरवलेल्या माणसाला भाचीपुढे "माझा कॅमेरा मोडका आहे" असं लिहिणं जिवावर येतं. आणि तो मोडका आहे म्हटलं की कधी मोडला, हे तू विचारणार. टाचणीच ती.

आता काय करायचं ते मला सुचत नाही. पुन्हा शोधायची असतील अंतरं तर लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेव, म्हणजे थोडीशी चूकसुद्धा लपणार नाही.

मामा


९ ऑगस्ट

मामा,

तुला सुचत नव्हतं, मला सुचलं. आंधळ्या यंत्राला टेपने वठणीवर आणलं.

दोन टेप जोडून टेबलाच्या लांबीवर ताणले आणि टाचण्यांनी पक्के केले. कॅमेरा टेबलाच्या कडेशी मशीनच्या लाकडी झाकणावर ठेवला, टेपकडे जरा झुकवून, शून्य बरोबर लेन्सच्या तोंडाखाली. छिद्र पूर्ण उघडं. पहिल्या ठिपक्यावर एक फोटो, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर एक, आणि खात्रीसाठी पुन्हा तेच. फोटोत टेपवरचा जो आकडा सगळ्यात स्वच्छ, तेच खरं अंतर. चव्वेचाळीस इंच, एकसष्ट इंच, त्र्याऐंशी इंच. तीन रोल नाहीत, सहा फोटो. दोरीला पुन्हा तीन गाठी मारल्यात, आणि या वेळी आकडे भिंतीवर लिहून ठेवलेत. मग पुतळ्याचा एक काढून बघितला. त्याच्या छातीवरची शिवण मोजता येते. लॅबवाला गप्प बसला. फार बरं वाटलं.

पण आई उभी राहत नाही! सगळं सांगितलं, हात जोडले, चिडले, रुसले. "त्या कॅमेऱ्यापुढे नाही," एवढं एकच. एकवीस दिवस उरलेत आणि दोघं बहीणभाऊ मिळून माझ्या डोक्यावर मिरे वाटताहात.

आता माझा प्रश्न, तुला अपेक्षित असलेलाच. काल आई मापं घ्यायला बाहेर गेली तेव्हा मी कपाटातला आजोबांचा फोटो काढून खिडकीशी नेला. आजोबा धूसर, तू धूसर, आई धूसर, मी धूसर. मागच्या भिंतीवरचं घड्याळ? चार वाजून दहा मिनिटं. सेकंद काटासुद्धा दिसतो.

मामा, तू सगळ्यांना सांगितलंस की कॅमेरा नीट टेकवला नव्हता, तो हलला. कॅमेरा हलला असता तर घड्याळही हललं असतं. हा तोच दोष आहे जो माझ्या रिळांच्या रॅकला होता. म्हणजे कॅमेरा त्या फोटोच्या आधी पडला होता आणि तुला ते माहीत होतं. मग खोटं का बोललास? कुणी पाडला?

मूग गिळून बसू नकोस. मला उत्तर हवंय.

टाचणी


१४ ऑगस्ट

चि. टाचणी,

तू.

सहा वर्षांची होतीस. मी कॅमेरा टेबलावर ठेवून आजोबांची खुर्ची सरकवत होतो. पट्टा खाली लोंबत होता आणि तू त्याला धरून झोका घेतलास. आवाज झाला, पण फार मोठा नाही. उचलून कानाशी धरला, शटर चालवून बघितलं, चाललं. खिडकीतून बघितलं, दोन चित्रांचं एक होत होतं. मी विश्वास ठेवला. तू टेबलाखाली जाऊन बसली होतीस, दोन्ही हात तोंडावर. मी म्हटलं, काही झालं नाही, ये बाहेर, फोटो काढायचाय. कॅमेऱ्याला आपोआप दाबला जाणारा खटका लावला आणि धावत जाऊन बाबांच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो.

रोल धुतल्यावर कळलं. दुसरा काढू म्हणेपर्यंत बाबा अंथरुणाला खिळले आणि मग गेलेच.

ताईला काय सांगायचं? तुला आठवत नसेल, तुझे वडील गेल्यानंतरची ती वर्षं. ताई एकटी दुकान उभं करत होती, दिवसभर हातात लाकडी पट्टी आणि बोलणं पट्टीसारखंच. बाबांचा शेवटचा फोटो तुझ्यामुळे गेला हे कळलं असतं तर तिने तुला सोडलं नसतं. निदान मला तेव्हा तसं वाटलं. म्हणून म्हटलं, मी नीट टेकवला नाही, कॅमेरा हलला. ती म्हणाली, "तुझं कशातच लक्ष नसतं, बापाच्या फोटोतही नाही." मी ऐकून घेतलं. पुढे ते इतकं जुनं झालं की खरं सांगायला तोंड राहिलं नाही.

हे तुझ्यापाशीच ठेव. तिला जाऊ दे सुखाने. फोटो मोबाइलवर काढ, हात पुढे केलेला का असेना.

मामा


२० ऑगस्ट

छोट्या,

सहासष्ट वर्षांचा झालास तरी मी हेच म्हणणार.

माझ्या कापायच्या टेबलावरचा कुठलाही कागद मी उचलून बघते, कापडाचा नमुना असेल म्हणून. पोरीला हे माहीत असूनही तिने तुझं पत्र तिथे ठेवलं. विसरून ठेवलं म्हणते. तिला विसरताना मी अजून पाहिलेलं नाही.

तू जे लपवलंस ते मला त्याच दिवशी माहीत होतं. मी आतल्या खोलीत बाबांच्या कोटाला बटण लावत होते आणि दार उघडं होतं. मी तिला पट्ट्याला लोंबकळताना पाहिलं. तू कॅमेरा कानाशी धरलास तेही पाहिलं. म्हटलं, आता येऊन सांगेल. आला नाहीस. फोटो खराब निघाला तेव्हा म्हटलं, आता तरी सांगेल. तू म्हणालास, कॅमेरा हलला.

मला फोटोचा राग कधीच नव्हता रे. राग याचा होता की तुला वाटलं, मी माझ्या पोरीला एका कॅमेऱ्यासाठी मारीन. परक्यांना वाटलं असतं तर चाललं असतं. तुला मी कडेवर घेऊन फिरवलंय. तुला माझ्याबद्दल असं वाटावं? तेच मनात धरून बसले. म्हटलं, आधी तो बोलेल, मग मी बोलेन. अठ्ठावीस वर्षं मीही गप्पच राहिले, तेव्हा मीही तुझ्यापेक्षा शहाणी नाही.

आणि समजा मारली असती एक पट्टी. खरं सांगते, कदाचित मारलीही असती. मग मीच रडले असते, तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं असतं. तू ते होऊ दिलं नाहीस.

परवा दुपारी मी कॅमेऱ्यापुढे उभी राहिले. गळ्यात टेप, टेबलावर हात, पोरीने सांगितलं तशी. तिने दोरीचं टोक माझ्या गालाला लावलं आणि म्हणाली, "आता सोड." मी सोडलं नाही. ती ओरडली, पाय आपटले, शेवटी वैतागून तशीच फोटो काढून बसली. सोबत पाठवतेय, बघ. दोरी फोटोत आलीय, माझ्या गालापासून थेट तुझ्या कॅमेऱ्यापर्यंत. सुरकुती न् सुरकुती दिसते. या खेपेला त्याने काही लपवलेलं नाही.

पोर म्हणते हा फोटो बिघडला, दुसरा काढायचा. तो काढता येणार नाही, कारण दोरी मी माझ्या बॅगेत घातली आहे. हवी असेल तर तीस तारखेच्या आत स्वतः येऊन घेऊन जा.

ताई


२४ ऑगस्ट

ताई,

पत्र पोचलं. फोटो दुपारपासून चार वेळा पाकिटातून काढला. मामी म्हणते, मळेल. मळू दे.

डोक्यावर जागा जरा जास्तच सुटली आहे, टाचणीला सांग. बाकी नाव ठेवायला जागा नाही.

त्या वेळी सांगायला हवं होतं. चुकलो. हे मी समोर बसूनही म्हणणार आहे, पण तिथे मला धड बोलता येईल याचा भरवसा नाही, म्हणून आधी लिहून ठेवतो.

सत्तावीसला सकाळच्या गाडीने येतोय, परत तू निघाल्यावरच जाईन. माझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, तेव्हा जोरात बोल. तसंही तू हळू कधी बोलली आहेस? आपण तिघं टेबलाशी उभे राहू. टाचणीला म्हणावं रोल आणून ठेव, आणि त्या पट्ट्याला लोंबकळू नकोस.

आणि ताई, दोरी धुऊ नकोस.

छोट्या